बरा होऊ शकणारा स्मृतिभ्रंश : पार्श्वभूमी

थायरॉइडच्या अर्काने मंदावलेली बुद्धी पुन्हा तरतरीत होते, हे १८९०च्या दशकातच दिसलं होतं. १९४०च्या दशकात मेंदूपर्यंत पोचू शकणाऱ्या सिफिलिसवर पेनिसिलिन आलं, १९४८मध्ये बी१२ हे जीवनसत्त्व वेगळं काढता आलं; त्याच्या कमतरतेनेही विसरणं वाढतं. पण वृद्धांच्या विसरण्यामागे उपचार करण्याजोगं कारण शोधण्याला खरा जोर आला १९६५नंतर. मेंदूत पाणी साचूनही दाब सामान्य राहतो, अशा आजाराचं वर्णन त्या वर्षी प्रसिद्ध झालं. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवर ताबा नाही आणि विसरणं. कण्यातून ३० ते ५० मिलिलिटर पाणी काढायचं आणि त्याआधी व नंतर रुग्णाला सारखंच अंतर चालवून बघायचं, ही चाचणी आजही करतात. शंटने, म्हणजे मेंदूतलं जास्तीचं पाणी शरीरात दुसरीकडे वळवणाऱ्या नळीने, चाल बऱ्याचदा सुधारते; स्मरणशक्तीची तेवढी खात्री नसते. पुढे सीटी स्कॅन आला आणि कवटीखाली साकळलेलं रक्तही दिसू लागलं. ज्या किरकोळ पडण्याने ते साकळतं, ते घरच्यांच्या कित्येकदा लक्षातही नसतं.

वाद पेटला तो आकड्यांवरून. १९८८च्या आढाव्यात, पाठपुरावा झालेल्या रुग्णांपैकी ११ टक्के सुधारल्याचं दिसलं, पूर्ण बरे फक्त ३ टक्के. २००३च्या आढाव्यात सुधारलेल्यांचं एकूण प्रमाण ०.६ टक्क्यावर आलं. मग सगळ्यांच्याच तपासण्या कशाला, असा प्रश्न आला. अमेरिकेतल्या २००१च्या मार्गदर्शक सूचनांनी सिफिलिसची सरसकट चाचणी आधीच वगळली होती. बी१२, थायरॉइड, नैराश्याची चौकशी आणि मेंदूचं एक स्कॅन ठेवलं होतं. ते ठेवलं हे योग्यच झालं. ०.६ हा आकडा स्मृतिभ्रंशाचा शिक्का बसलेल्यांचा आहे. बी१२ची कमतरता वेळीच भरून निघालेला माणूस त्यात मोजलाच जात नाही. शिवाय स्मरणशक्ती परतली नाही, तरी त्या कमतरतेने नसांचं होणारं नुकसान थांबवायलाच हवं.

नैराश्याचा अनुभव वेगळा. उपचारांनी स्मरणशक्ती सुधारलेल्या काही वृद्धांना पुढे खरा स्मृतिभ्रंश झाला, त्यामुळे आता अशांवर पुढेही लक्ष ठेवतात.

सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे औषधं. जुन्या पद्धतीच्या ॲलर्जीच्या गोळ्या, लघवी आवरण्याच्या काही गोळ्या, झोपेची औषधं यांनी डोकं गुंगतं, आणि हे नेहमीच्या रक्ततपासणीत दिसत नाही. त्यासाठी रुग्ण घेत असलेली प्रत्येक पट्टी, दुकानातून परस्पर आणलेलीसुद्धा, डॉक्टरांसमोर ठेवावी लागते. झोपेच्या गोळ्या मात्र एकदम तोडायच्या नसतात, डॉक्टर त्या हळूहळू कमी करतात.