१४ एप्रिल : निळे झेंडे आणि भायखळ्याची मानवंदना

१४ एप्रिलची मुंबई निळी असते. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींपासून चेंबूरपर्यंत पताका, ढोलताशे, भीमगीतं. १८९१ साली याच दिवशी महू इथे बाबासाहेबांचा जन्म झाला, हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

त्याच दिवशी भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात जवान स्मारकापुढे मानवंदना देतात. देशभर पाळला जाणारा अग्निसेवा सप्ताह याच तारखेला सुरू होतो. त्याचं मूळ मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत आहे.

१९४४ साल, महायुद्ध चालू. ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज इंग्लंडहून कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईत आलं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि सोन्याच्या विटा. कराचीत त्यावर कापसाच्या हजारो गासड्या चढवल्या. दारूगोळा आणि कापूस एकाच जहाजात भरणं हाच खरा गुन्हा होता, असं मला वाटतं. १४ तारखेला, शुक्रवारी, दुपारी दोनच्या सुमारास कापूस धुमसताना दिसला. बंब आले. आत काय भरलंय याचा धोका पुरता कळण्याआधीच जवान पाण्याचे पाइप घेऊन जहाजाला भिडले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून मोठा. दलाचे ६६ जवान गेले. एकूण मृतांचे आकडे ८०० ते १,३०० असे वेगवेगळे दिले जातात. त्यांत गोदीतले हमाल होते, आसपासच्या वस्तीतले रहिवासी होते. शेजारचं ‘जलपद्मा’ जहाज उचलून धक्क्यावरच्या गोदामावर आदळलं.

सोन्याची एक वीट मैलभर लांबच्या घराच्या व्हरांड्यात पडली, पुढे गाळ उपसताना कित्येक वर्षांनीही विटा सापडल्या. लोक हीच गोष्ट रंगवून सांगतात. मला मात्र आधी ते पाइप धरलेले हात आठवतात.

बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. त्या दिवशी त्यांना ५३ वर्षं पूर्ण झाली.

मांडवी-मशीद बंदरकडे आगी भडकल्या होत्या, हजारो कुटुंबं उघड्यावर आली होती. पण युद्धकाळातली सेन्सॉरशिप कडक. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी बातमी फोडली. इथल्या वर्तमानपत्रांना ती सविस्तर छापायला मे महिना उजाडला.