सरासरीची सरासरी काढू नका राव

परवा मित्राचा फोन आला, म्हणे या पिव्हॉट टेबलात (मोठ्या यादीचा गटवार सारांश दाखवणारा तक्ता) बग आहे, खालची ग्रँड टोटल चुकतेय. त्याची दोन दुकानं. पुण्यात 100 बिलं, सरासरी बिल 200 रुपयांचं; नाशिकला 10च बिलं पण सरासरी 750. दोन्हींच्या मधला आकडा 475, आणि टेबल दाखवतंय 250! आता तुम्हीच करा, 20,000 अधिक 7,500 म्हणजे 27,500, भागिले 110 बिलं. 250च.

त्याची मूळ शीट पण आडवी होती, एका ओळीत एक दुकान आणि पुढे जानेवारी ते डिसेंबर बारा कॉलम. माणसाला वाचायला छान, पण सॉफ्टवेअरला महिना हा डेटा दिसतच नाही, तो हेडिंगमध्ये जाऊन बसलाय ना. म्हणून आधी शीट उभी करायची, दुकान, महिना, रक्कम असे तीन कॉलम, 24 ओळी. याला अनपिव्हॉट म्हणतात.

आता माझा लाडका भाग. जिम ग्रे हा संगणकशास्त्रज्ञ आणि मंडळींनी 1990च्या दशकात डेटा क्यूबवर (एकाच डेटाचे अनेक बाजूंनी काढलेले सारांश) एक पेपर लिहिला, त्यात एकूण काढायच्या रीतींच्या तीन जाती सांगितल्यात. पहिली सरळ, बेरजांची बेरीज केली तरी चालते, मोजणी, कमाल, किमान यांचंही तसंच. दुसरी सरासरीची, ती स्वतः पुढे नेता येत नाही पण बेरीज आणि संख्या असे दोन आकडे सोबत ठेवले की कुठल्याही पातळीवर भागाकार करून मिळते. तिसरी जात वांड, मध्यक (क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्या किंवा वेगवेगळे ग्राहक किती ते घ्या. जानेवारीत 400 आले, फेब्रुवारीत 350, म्हणून दोन महिन्यांचे 750 होत नाहीत, 250 जण दोन्ही महिन्यांत आले असतील तर 500च, आणि हे वरच्या दोन आकड्यांवरून कळायचा मार्गच नाही, पुन्हा मूळ यादीकडे जावं लागतं, नाहीतर हायपरलॉगलॉगसारखी युक्ती, जिथे प्रत्येक ग्राहकाचा हॅश (ठराविक रीतीनं बनवलेला, वरवर कसाही दिसणारा शून्य-एकांचा आकडा) काढून त्याच्या सुरुवातीला सलग किती शून्यं आली त्याची कमाल अनेक खणांत लिहून ठेवतात, आणि कमाल ही पहिल्या जातीतली असल्यामुळे दोन महिन्यांचे खण बिनधास्त एकत्र करता येतात, उत्तर अंदाजे येतं पण पुष्कळ जवळचं. (डोकं गरगरलं असेल तर हे वाक्य सोडून द्या.)

हल्ली 'एआय डॅशबोर्ड' म्हणून जे विकतात त्याच्या पोटात पण हेच असतं हो. त्याला नुसत्या सरासऱ्या खाऊ घातल्यात तर तोही रंगीत चार्टात ऐटीत 475 दाखवेल, आणि मीटिंगमध्ये सगळे माना डोलावतील.

मित्राला हे पटलं, पण पंचाईत वेगळीच निघाली. गेल्या वर्षीच्या फाइलमध्ये नाशिकवाल्यांनी फक्त सरासरीच पाठवलीय, बिलं किती ते कुठेच नाही. आता तो जुनी बिलबुकं मागवतोय.