हरलेल्या माशाने जायचं कुठे?

तळ्यात दोन सिक्लिड, म्हणजे आपली हद्द राखणारे तापट मासे, भिडले, तर भांडण बहुतेक वेळा दिखाव्यावरच मिटतं. कल्ले फुगवायचे, पर ताणायचे, अंग आडवं धरून आपण केवढे आहोत ते दाखवायचं. ज्याला हार दिसते तो रंग उतरवून पळ काढतो. जिंकणाऱ्याला समोरच्याचा जीव नको असतो, जागा हवी असते. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातल्या बर्टोनी या सिक्लिडच्या जातीत हे फार स्पष्ट दिसतं: वरचढ नर बाजूला काढला, की दबून राहिलेल्या फिकट नराच्या अंगावर काही मिनिटांतच झळझळीत रंग चढतो.

काचेच्या टाकीत पळायला वाटच नसते. हरलेला मासा कितीही दूर गेला तरी जिंकणाऱ्याच्या डोळ्यांसमोरच राहतो आणि मार चालूच राहतो. त्यामुळे तापट मासे पाळताना पहिला प्रश्न नजर अडवण्याचा. उंच टाकीपेक्षा लांब-रुंद टाकी बरी, कारण हद्दी तळावर आखल्या जातात. मोठे दगड, लाकडाचे ओंडके, दोन तोंडांच्या गुहा ठेवाव्यात. एकच तोंड असेल तर आत शिरलेला मासा कोंडला जातो. दगड मात्र वाळूवर नव्हे, थेट तळावर टेकवा. हे मासे वाळू उकरतात आणि ढीग कोसळतो.

नवा मासा सोडण्याआधी सगळी मांडणी बदला. जुन्या हद्दी पुसल्या जातात आणि सगळ्यांनाच नव्याने सुरुवात करावी लागते. दिवा बंद करून सोडला तर आणखी बरं.

आफ्रिकेतल्याच मलावी सरोवरातल्या म्बुना या सिक्लिडांबाबत उलटा उपाय चालतो. दोघा-तिघांतला दुबळा हमखास भरडला जातो, गर्दीत मात्र राग सगळ्यांत विभागला जातो. पण गर्दी म्हणजे जास्त विष्ठा, जास्त अमोनिया. दणकट फिल्टर आणि नेमाने पाणी बदलणं आलंच. फायटर (बेट्टा) माशाच्या नराला हा हिशेब लागू नाही. एका टाकीत एकच नर.

रोज खाणं घालताना कोण येत नाही ते बघा. हीटरमागे किंवा पृष्ठभागाजवळच्या कोपऱ्यात पर मिटून बसलेला, शेपटी कुरतडलेला मासा दिसला, तर ‘जुळवून घेतील’ म्हणत थांबू नका, त्याच दिवशी वेगळा काढा. ऑस्करसारखा 30 सेंटीमीटरपर्यंत वाढणारा मासा काचेचा हीटर धडकेने फोडू शकतो, तेव्हा हीटरला जाळी लावा आणि पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढा.