जलतरण तलावाची नळव्यवस्था : शीत प्रदेशातील बिघाड

घरगुती जलतरण तलावातील पाणी उपसून, गाळून परत सोडणाऱ्या नळांत हिवाळ्यातील गोठणामुळे उद्भवणारे दोष व त्यांचे निदान. पाणी पृष्ठालगतच्या स्किमरमधून (वरचा कचरा ओढून घेणारे भिंतीतील तोंड) व तळाच्या निचरामुखातून पंपाकडे येते, फिल्टरमधून गाळले जाते आणि भिंतीतील झोतमुखांतून तलावात परतते. पंपाच्या अलीकडील नळ ओढीचे, पलीकडील दाबाचे.

गोठताना पाण्याचे आकारमान सु. ९ टक्क्यांनी वाढते व बर्फ आतून रेटल्याने नळ फुटतो, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. ते अपुरे दिसते. बर्फाचा बोळा नळाच्या लांबीच्या दिशेने वाढत जातो आणि बोळा व बंद व्हॉल्व्ह यांच्यामध्ये कोंडलेल्या, अद्याप न गोठलेल्या पाण्यावर दाब आणतो. द्रवरूप पाणी फारसे दबत नसल्याने हा दाब झपाट्याने चढतो. फूट पुष्कळदा बर्फापासून दूर सापडते, हे लक्षात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य ठरते. पंपाचे भांडे, फिल्टरचा व्हॉल्व्ह यांसारख्या सर्व बाजूंनी बंद जागी मात्र पहिलेही लागू पडते. पूर्ण कोंडलेल्या पाण्याचा दाब सिद्धांततः -२२° से.ला सु. २०० मेगापास्कलपर्यंत जाऊ शकतो. भारतीय मानक ४९८५ मधील १० किग्रॅ./चौ. सेंमी. वर्गाच्या पीव्हीसी नळाचा कामाचा दाब जेमतेम १ मेगापास्कल. जाड नळ घालून हा प्रश्न सुटत नाही. नळ रिकामा ठेवणे हाच उपाय.

त्यासाठी हिवाळ्यापूर्वी पाण्याची पातळी स्किमरखाली आणतात, नळांत कॉम्प्रेसरने हवा फुंकतात व तोंडांना रबरी बुचे मारतात. तळाच्या निचरामुखाला बूच मारता येत नाही. तेथून बुडबुडे येऊ लागले की वरचा व्हॉल्व्ह हवा चालू असतानाच बंद करतात. कोंडलेली हवा पाणी परत चढू देत नाही. उरलेसुरले पाणी गोठू नये म्हणून त्यात प्रोपिलीन ग्लायकॉल घालतात. मोटारीतील एथिलीन ग्लायकॉल विषारी असल्याने वर्ज्य. येथे मुद्दाम कोंडलेली हवा एरवी नळयोजनांतला उपद्रवच. कात्रजहून पुण्यात पाणी आणणाऱ्या पेशवेकालीन नळावर (अठराव्या शतकाचा मध्य, बहुधा १७५० च्या सुमारास) बांधलेल्या उच्छ्वासांचा (नळावरील उघड्या तोंडाच्या बांधकामांचा) हेतू हवा बाहेर काढणे हाच मानला जातो. गाळ काढण्याची सोय हाही एक हेतू असावा.

वसंतात पंप सुरू केल्यावर दोष उघड होतात. झोतमुखांतून सतत बुडबुडे आले तर ओढीच्या बाजूने हवा शिरते आहे. आधी पंपाच्या झाकणाची रबरी रिंग पाहावी, जमीन नंतर खणावी. पंप चालू असतानाच पाणी अधिक घटले तर दाबाचा नळ फुटलेला असतो. बंद असताना घटले तर ओढीचा नळ किंवा खुद्द हौद संशयित. फिल्टरवरील दाबमापी नेहमीपेक्षा वर असेल तर अडथळा फिल्टरमध्ये वा पुढे, खाली असेल तर मागे. बाष्पीभवन वगळण्यासाठी पाण्याने भरलेली बादली तलावाच्या पायरीवर ठेवून आतली व बाहेरची पातळी खुणेने ताडतात. चोवीस तासांत बाहेरची अधिक उतरली तर गळती आहे. नेमकी जागा शोधण्यासाठी एकेक नळ दोन्ही टोकांनी बंद करून दाब देतात.

पुण्यात नळ गोठण्याचा प्रश्न उद्भवत नाही. शिवाजीनगर वेधशाळेतील नीचांक १.७° से. (१७ जानेवारी १९३५) आहे. येथे नळावर ताण येतो तो बाहेरून. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवलेले जोड त्या हालचालीत सुटतात. नळाभोवती वाळूची गादी घालणारे गवंडी म्हणूनच शहाणे. बोअरच्या जड पाण्याने नळांत क्षारांचा थर बसतो, तो गाळाचा समजून बॅकवॉश करणे (फिल्टरमधून उलट दिशेने पाणी सोडून तो धुणे) व्यर्थ. पावसाळ्यात दुरुस्तीसाठी तलाव रिकामा करू नये : भूजलाच्या उचलीने हलका झालेला हौद वर सरकतो व तळाचे सर्व नळ तुटतात. हे टाळणारा दाबमुक्ती व्हॉल्व्ह निचरामुखात बसवता येतो. तो जाम नाही ना, हे उपशापूर्वी पाहतात.