कूलर बंद करा, मग कान तपासा

मे महिन्यात नागपुरात कूलरशिवाय बसवत नाही, आणि कूलरच्या खोलीत कान तपासता येत नाही. कूलरच्या पंख्याची घरघर बरीचशी खालच्या पट्टीतली असते. तपासणीचा हेडफोन बाहेरचे बारीक, वरच्या पट्टीतले आवाज बऱ्यापैकी अडवतो, पण ही घरघर त्याला फारशी अडत नाही. रुग्णाला 250 किंवा 500 हर्ट्झचा हळू सूर या घरघरीत ऐकूच येत नाही आणि कागदावर बहिरेपणाची नोंद होते, कान ठणठणीत असला तरी. धंतोली-रामदासपेठेत कान-नाक-घशाच्या दवाखान्यांची वाण नाही. त्यातला एक निवडताना दारावरच्या पाटीइतकंच आतल्या ध्वनिरोधक खोलीकडेही बघावं. जाड भिंती, आतून सच्छिद्र पत्रा किंवा फोम, दाराच्या कडेला रबरी पट्टी आणि तपासणी चालू असताना बंद ठेवलेला एसी. उन्हाळ्यात अशी खोली लवकर तापते, माणूस कंटाळून अंदाजानेच बटण दाबू लागतो. म्हणून एक कान झाला की दार उघडून पाच मिनिटं बाहेर बसवणारा ऑडिओलॉजिस्ट चांगला समजावा.

हा ऑडिओलॉजिस्ट डॉक्टरांचा मदतनीस नसतो. वाणी आणि श्रवण या विषयातली त्याची स्वतंत्र पदवी असते आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंदणी असते. कान उघडून मळ काढणं, पडदा बघणं, औषध देणं, शस्त्रक्रिया करणं ही डॉक्टरांची कामं. ऐकू किती येतं ते मोजणं आणि कानाची मशीन जुळवणं हे याचं काम. क्रमही तोच हवा. आधी डॉक्टरांनी कानात बघायचं, मग मोजमाप. मळाने गच्च भरलेल्या कानाचा आलेख काढला तर तो बहुतेक मळाचाच असतो.

मोजमाप सुरू होतं ते बऱ्या कानापासून, 1000 हर्ट्झच्या सुराने. सूर ऐकू आला की तो 10 डेसिबलने कमी करतात, नाही आला की 5 ने वाढवतात. असं खाली-वर करत सर्वात हळू ऐकू येणारी पातळी पकडतात. मग 2000, 4000, 8000. त्यानंतर पुन्हा 1000 घेऊन बघतात. पहिल्या वेळेपेक्षा 5 डेसिबलहून जास्त फरक पडला तर रुग्णाला सूचना कळलेली नाही असं धरून परत सुरुवात करायची. शेवटी 500 आणि 250. आलेखावर उजवा कान लाल गोल, डावा निळी फुली. रेघ जितकी खाली, तितकं ऐकणं कमी. आदल्या रात्री वरातीत डीजेजवळ नाचलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी सकाळी ही तपासणी करू नये. कान तात्पुरता दमलेला असतो आणि 4000 हर्ट्झजवळ खड्डा दिसतो. हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांत वर्षानुवर्षं गोंगाटात काम करणाऱ्यांच्या आलेखातही खड्डा तिथेच पडतो, फक्त तो भरून येत नाही.

हेडफोननंतर कानामागच्या हाडावर एक छोटा कंपक ठेवतात. हा आवाज बाहेरचा कान आणि पडदा टाळून हाडातून थेट आतल्या कानात जातो. हाडातून नीट ऐकू येतं पण हवेतून नाही, असं असेल तर अडचण मळ, पडद्याचं छिद्र, पडद्यामागचं पाणी किंवा तिथलंच आखडलेलं हाडुक यांत असते. यातलं बरंच काही औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारतं. दोन्हीकडून सारखंच कमी असेल तर दोष आतल्या कानात किंवा नसेत.

चाचणी सगळ्यात जास्त फसते ती इथेच. समजा डावा कान पूर्ण गेलेला आहे आणि उजवा उत्तम आहे. डाव्या हेडफोनमधला आवाज 55-60 डेसिबलपर्यंत नेला की कवटीच कंप पावते आणि तो आवाज उजव्या कानाला ऐकू येतो. माणूस प्रामाणिकपणे बटण दाबतो. कागदावर डाव्या कानाची हानी 'मध्यम' दिसते, त्यावर मशीन विकली जाते आणि ती मशीन त्या कानाला काहीच देत नाही. उपाय सोपा आहे: डावा तपासताना उजव्या कानात सूं-सूं असा मुद्दाम आवाज सोडून त्याला गुंतवून ठेवायचं. याला मास्किंग म्हणतात. हवेतून तपासताना दोन कानांत 40 डेसिबल किंवा जास्त फरक दिसला की ते करावंच लागतं. हाडाच्या चाचणीत तर कंपन जवळपास न घटता दोन्ही बाजूंना पोहोचतं, त्यामुळे तिथे मास्किंगची गरज बरेचदा पडते. दुकानाच्या काउंटरवर हेडफोन लावून दहा मिनिटांत होणाऱ्या 'फुकट तपासणी'त हाड आणि मास्किंग दोन्ही सहसा गाळतात. असला कागद डॉक्टरांना दाखवूनही उपयोग नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेतला ट्यूनिंग फोर्क म्हणूनच अजून डॉक्टरांच्या टेबलावर असतो. 512 हर्ट्झचा फोर्क कपाळाच्या मध्यावर टेकवला की नसेचा दोष असेल तर आवाज बऱ्या कानात जातो, मळ किंवा पाणी असेल तर आजारी कानात. आलेख एक सांगतोय आणि फोर्क दुसरंच, असं झालं तर आलेख पुन्हा काढायचा. रात्री झोपताना ठीक असलेला एक कान सकाळी बंद पडला, तर मळच असेल म्हणून आठवडाभर तेल टाकत बसू नये. त्याच दिवशी दाखवावं. नसेचा अचानक आलेला बहिरेपणा असेल तर स्टिरॉइड पहिल्या काही दिवसांत दिलेलं बरं, उशीर होईल तसा फायदा कमी होत जातो.

घरोघरच्या आजोबांची तक्रार वेगळी असते: ऐकू येतं, पण कळत नाही. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीचे सूर जातात. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते शाबूत राहतात. स, श, फ ही व्यंजनं वरच्या पट्टीत असतात. 'साठ' मधला स गेला की 'आठ' उरतो. म्हणून सुरांच्या चाचणीबरोबर शब्दांचीही चाचणी लागते, आणि ती घरच्या भाषेतल्या शब्दांनी व्हायला हवी. मराठी बोलणाऱ्या आजीला हिंदी शब्दयादी वाचून दाखवली तर मिळणारे गुण कानाचे नसतात.

टिम्पॅनोमेट्री मिनिटभराचं काम आहे. कानात रबरी टोपण घालून हवेचा दाब बदलतात आणि पडदा किती हलतो ते बघतात. रेघ सपाट आली तर पडद्यामागे पाणी असेल किंवा पडद्याला छिद्र. यंत्र कानाच्या पोकळीचा आकारही दाखवतं. तो नेहमीइतका असेल तर पाणी, फार मोठा असेल तर छिद्र.

बाळांना बटण दाबता येत नाही. त्यांच्यासाठी ओएई असते. निरोगी आतला कान आवाज मिळाल्यावर स्वतःही अगदी क्षीण आवाज परत पाठवतो, तो टिपायचा. ही गोष्ट डेव्हिड केम्प यांनी 1978 मध्ये दाखवून दिली. जन्मानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत कानात चिकटपणा असतो, त्यामुळे तेव्हा 'रेफर', म्हणजे 'पुन्हा तपासा', असा निकाल आला तर घाबरू नये, पण पुन्हा तपासणी चुकवूही नये. अतिदक्षता विभागात राहिलेल्या किंवा जास्त कावीळ झालेल्या बाळाला ओएई पुरत नाही. आतला कान चांगला असूनही नस संदेश नीट नेत नाही असं होऊ शकतं, ते नसेतून मेंदूकडे जाणारे संदेश टिपणाऱ्या बेरा चाचणीतच कळतं. त्या चाचणीसाठी बाळ गाढ झोपलेलं असावं लागतं. बाळाला गाडीत झोपू देऊ नका असं स्वागतकक्षातून फोनवर बजावतात, ते याचसाठी. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत मशीन हा क्रम धरावा.

मशीनमध्ये झिंक-एअर सेल असेल तर नागपूरचा उन्हाळा त्याच्या मुळावर येतो. स्टिकर काढला की हा सेल हवेतला ऑक्सिजन घेऊन चालतो, आणि त्याच छिद्रांतून कोरडी हवा त्यातलं पाणी शोषून घेते. म्हणून स्टिकर वापरायच्या वेळीच काढायचा आणि दोन-तीन मिनिटं थांबून सेल बसवायचा. मशीन 'मेली' असं वाटलं तर आधी मोल्डच्या, म्हणजे कानात बसणाऱ्या साच्याच्या, तोंडात मळ अडकलाय का ते बघावं, दुरुस्तीची निम्मी भानगड तिथेच मिटते.

मळ धुताना पाणी शरीराइतकं, 37 अंशांचं लागतं. थंड पाण्याने डोकं गरगरतं. पडद्याला छिद्र असेल तर धुवायचंच नाही. कानात वाटाणा किंवा चणा गेला असेल तरीही पाणी नको, तो फुगतो. बटण सेल गेला असेल तर मात्र काही तासांत आतली त्वचा जळते, तिथे वाट बघायची नाही. पावसाळ्यात खाजणाऱ्या कानात बुरशी निघते आणि घरी टाकलेलं तेल तिला पोसतं.

नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, याच दवाखान्यात घोळणा फुटणारी मुलं येतात. डोकं मागे करून कांदा हुंगवू नये, रक्त घशात उतरतं. पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग सलग 10 मिनिटं दाबावा, मध्येच सोडून बघू नये. नाकात दुर्बीण घालायची असेल तर आधी भुलीचा बोळा काही मिनिटं ठेवतात. दोन रुग्णांच्या मधे दुर्बीण जंतुनाशक द्रावात बुडवून ठेवावी लागते. एकच दुर्बीण आहे आणि रांग मात्र भराभर सरकते आहे, तर विचारायला संकोच करू नये.

गळ्याच्या तपासणीत खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, लपत नाही. सुपारीने गालांची आतली त्वचा ताठ होत जाते, तिखट झोंबू लागतं आणि एक दिवस गुपचुप (पाणीपुरी) तोंडात मावत नाही. स्वतःची तीन बोटं उभी दातांमध्ये जातात का ते आरशात बघावं. वरच्या आणि खालच्या दातांमधलं अंतर डॉक्टर मिलिमीटरमध्ये मोजून केसपेपरवर लिहितात. पुढच्या वेळी तो आकडा घटला की नाही हे त्यावरूनच कळतं, म्हणून जुना केसपेपर फेकायचा नाही. खर्रा खाणाऱ्याचा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर खोकल्याचं औषध बदलत न राहता स्वरयंत्र दुर्बिणीने बघून घ्यावं.