बाळंतपणाचा निर्णय कोणाच्या हाती : पार्श्वभूमी

महाराष्ट्रात बाळंतपण हा पूर्वापार बायकांचा विषय मानला गेला. मात्र त्यासाठी पैसा काढण्याचा आणि अडलेल्या बाईला उंबऱ्याबाहेर नेण्याचा अधिकार घरच्या वडीलधाऱ्यांकडे राहिला. बाळंतिणीची खोली बहुधा घरातली सर्वांत अंधारी असे. बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, बंद खिडक्या आणि मदतीला सुईण. विटाळाच्या कल्पनेमुळे नाळ कापणारे हातही हलके ठरले, त्यामुळे सुईणीच्या अनुभवाला शिक्षणाची जोड देण्याची निकड फारशी कोणाला वाटली नाही.

आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत दगावले. पुरुष डॉक्टरपुढे दुखणे उघड करायला स्त्रिया संकोचतात, म्हणून स्त्री डॉक्टर हव्यात, हे त्यांनी अमेरिकेला निघण्यापूर्वी १८८३ मध्ये बंगालमधील सेरामपूरच्या सभेत सांगितले. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. त्याच सुमारास, १८८५ मध्ये, स्त्रियांना स्त्री डॉक्टरांकडून उपचार मिळावेत यासाठी डफरिन फंड स्थापन झाला आणि १८८६ मध्ये मुंबईत स्त्रिया व मुलांसाठीचे कामा रुग्णालय सुरू झाले. या संस्थांनी संकोच मोडला नाही, त्याला वाट करून दिली. त्या काळी ते शहाणपणाचेच होते. परंतु दवाखान्यात जायचे की नाही हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न तसाच राहिला. १८९१ च्या कायद्याने मुलींचे संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधासाठीचे किमान वय, १० वरून केवळ १२ करण्यालाही पुण्यात कडवा विरोध झाला.

आज राज्यातील सुमारे ९५ टक्के प्रसूती दवाखान्यात होतात, असे २०१९-२१ चे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. हे यश मोठे आहे. तरीही दवाखान्यातील प्रसूतीसाठी गरीब बायकांना रोख मदत देणाऱ्या, २००५ मध्ये आलेल्या जननी सुरक्षा योजनेत महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी १९ वर्षे वयाची आणि दोन अपत्यांची अट होती. लवकर लग्न लावून दिलेली मुलगी किंवा मुलग्यासाठी तिसऱ्यांदा गरोदर राहिलेली बाई, म्हणजे जिच्या शब्दाला घरात सर्वांत कमी किंमत, तीच त्यामुळे मदतीबाहेर राहिली. या अटी २०१३ मध्ये काढण्यात आल्या.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत मायेची आहे, लेकीला विसावा देणारी आहे. पण तपासण्या सासरच्या उपकेंद्रात आणि प्रसूती माहेरच्या तालुक्यात झाली, की रक्तदाब आणि हिमोग्लोबिनच्या नोंदी असलेले कार्ड पिशवीत टाकायची आठवण कोणालातरी ठेवावी लागते. ते सासरीच राहिले, तर कळा सुरू झालेल्या बाईची सारी माहिती डॉक्टरांना तिच्यासोबत आलेल्यांकडून तोंडी घ्यावी लागते.