दोन थरांमधली रेघ

चुनखडकाचा कडा लांबून पाहिला तर वह्यांची थप्पी रचून ठेवल्यासारखा दिसतो. भिंग घेऊन जवळ गेलं की मात्र प्रत्येक थराची गोष्ट निराळी निघते.

वाळू आणि माती नद्या डोंगरातून वाहून आणतात. चुनखडकाचा गाळ बहुतेक समुद्रातच, जागच्या जागी तयार होतो. शिंपले, प्रवाळ आणि शैवाल यांचा हा चुरा. ऊन तळापर्यंत पोचेल अशा उबदार, उथळ पाण्यात तो भराभर साठतो. आजच्या काळातला नमुना अटलांटिकमधल्या बहामा बेटांचा. तिथल्या विस्तीर्ण उथळ पठारावर बऱ्याच ठिकाणी १० मीटरसुद्धा खोली नाही. कडेला, भरती-ओहोटीच्या ओढीत घोळत राहणाऱ्या कणांवर चुन्याची पुटं चढतात आणि माशाच्या अंड्यांसारखे गोल दाणे बनतात. आडोशाला निवांत पाण्यात पांढरा, मऊ चिखल बसतो. म्हणून जुन्या खडकात गोल दाणे दिसले की पाणी खळबळतं होतं, असं समजायचं.

खरी गंमत एकाच थरसंचात, खालून वर जाताना आहे. तळाशी शिंपल्यांचे तुकडे आणि किड्यांनी पोखरलेला गाळ, म्हणजे कायम पाण्याखालचा तळ. वर सूक्ष्मजीवांच्या सायीने धरून ठेवलेल्या, कागदासारख्या पातळ लहरी. माथ्यावर चिखल वाळून पडलेल्या भेगा. गाळ साठत साठत पाण्याच्या वर आला, हे दीड-दोन मीटरांत वाचता येतं. मग पुन्हा समुद्र, पुन्हा तेच.

आल्प्समधल्या २० कोटी वर्षांहून जुन्या डाखस्टाइन चुनखडकात अशी आवर्तनं शेकड्यांनी आहेत. भूवैज्ञानिक आल्फ्रेड फिशर यांनी १९६४ साली त्यांचा संबंध समुद्रपातळीच्या चढउताराशी जोडला. आवर्तनाचा क्रम नेमका कुठून मोजायचा, यावर नंतर बरेच वाद झाले. समुद्रपातळी न बदलता गाळ आपोआप भरत-सरकत गेला तरी असा क्रम तयार होऊ शकतो, असंही काही जण म्हणतात. मला वाटतं, सगळ्या कड्यांना एकच कारण लावणं घाईचं आहे.

शिवाय थर जेवढा बोलतो, तेवढीच दोन थरांमधली रेघही. उघड्या पडलेल्या माथ्यावर पावसाने खड्डे पाडले, त्यांत लाल माती साचली, तर त्या बोटभर पट्ट्यात खालच्या अख्ख्या थराहून जास्त काळ गेलेला असू शकतो. फक्त रेघ करवतीसारखी दातेरी असेल, तर जपून. ती बहुधा समुद्राने आखलेली नसते. खडक खोल गाडला गेल्यावर दाबाखाली विरघळतो आणि न विरघळलेला काळा गाळ तिथे उरतो.